दोन खाटांच्या मधली जागा

हे वाचायला घेतलंत तेव्हा तुमचा एक हात कुठे होता? हनुवटीखाली असेल, ओठाच्या कोपऱ्याशी असेल, चष्मा वर सरकवत असेल. तो तिथून घाईने काढू नका. आहे तिथेच राहू द्या आणि तो तिथे कधी गेला हे आठवतं का, तेवढं पाहा. बहुधा आठवणार नाही. आजच्या मननाची सुरुवात त्या न आठवण्यापासून करायची आहे.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात वैद्यकीय शाखेचे 26 विद्यार्थी वर्गात बसलेले असताना त्यांचं व्हिडिओ चित्रण केलं गेलं. 2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकेक विद्यार्थी तासाला सरासरी 23 वेळा स्वतःच्या चेहऱ्याला हात लावत होता, म्हणजे साधारण दर अडीच मिनिटांनी एकदा. त्यातले शेकडा 44 स्पर्श तोंड, नाक किंवा डोळे यांच्या ओल्या अस्तराला झाले होते. जंतूला शरीरात शिरायची ती एक सोपी वाट. ही मुलं बेफिकीर नव्हती. जंतू कसे पसरतात, हात का धुवायचे, हे शिकण्यासाठीच ती त्या विद्यापीठात आली होती. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी अचूक उत्तर लिहून दिलं असतं, आणि लिहिता लिहिता दुसऱ्या हाताने नाक चोळलं असतं.

आता दोन्ही हात मांडीवर ठेवा. तळवे वर. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या, त्याला वळण लावायची गरज नाही. पुढची दोन-तीन मिनिटं चेहऱ्याला हात लावायचा नाही, इतकंच ठरवा. थोड्याच वेळात नाकाच्या शेंड्याशी काहीतरी हुळहुळेल. भुवईत खाज उठेल. गालावर एक केस असल्याचा भास होईल. त्या खाजेशी भांडू नका. खाज उठते, वाढते, आता सहनच होणार नाही असं वाटतं, आणि मग बहुतेक वेळा ती आपली आपण विरते. तिचा हा सगळा प्रवास हात न हलवता पाहा.

2020 आणि 2021 मध्ये ज्यांनी पीपीई किट घालून कोविड वॉर्डात पाळी केली, त्यांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. कपाळावरचा घाम पापणीवर उतरतो, डोळ्यात चुरचुरतो आणि तो पुसता येत नाही. मुंबईच्या मे महिन्यात, बंद किटमध्ये, पाणी न पिता तासन्‌तास. 3 मे 2021 रोजी केंद्र सरकारने निर्णय घेतला की इंटर्नना अध्यापकांच्या देखरेखीखाली कोविडच्या कामाला लावता येईल, आणि एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून फोनवरचा सल्ला व सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवणं ही कामं घेता येतील. देशात रोज चार लाखांच्या आसपास नवे रुग्ण सापडत होते ते हे दिवस. बावीस-तेवीस वर्षांची मुलं. काल परीक्षेच्या चिंतेत असलेली, आज वॉर्डात.

त्या मुलांना मनासमोर आणा. तुम्ही त्यांच्यापैकी असाल, तर स्वतःलाच आणा. तुमच्या घरातलं कोणी मेडिकलला असेल, तर त्याचा किंवा तिचा चेहरा आणा. आणि कधीतरी खाटेवर पडून पांढरा एप्रन आपल्या दिशेने येताना पाहिला असेल, तर तेही आठवा. या मननात तिघांनाही जागा आहे.

आता थोडं मागे जायचं आहे. सावकाश जाऊ.

व्हिएन्ना, 1846. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. दाखल करून घेण्याचा दिवस आलटून पालटून असे. पहिल्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायकांचं प्रमाण सरासरी शेकडा 10 च्या घरात, दुसऱ्यात शेकडा 4 च्या आसपास. हे शहरातल्या बायकांना ठाऊक होतं. पहिल्या विभागाचा दिवस निघाला तर त्या गयावया करत, गुडघे टेकत. काही जणी रस्त्यातच बाळंत होऊन मग रुग्णालयात येत, आणि त्या रस्त्यात बाळंत झालेल्यांना ताप कमी येई.

इग्नाझ सेमेलवाइस त्या पहिल्या विभागात साहाय्यक डॉक्टर होता. 1847 च्या मार्चमध्ये त्याचे सहकारी प्राध्यापक कोलेत्शका वारले. शवविच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या शवविच्छेदनात जे दिसलं ते बाळंतज्वराने मेलेल्या बायकांमध्ये दिसायचं तसंच होतं. सेमेलवाइसला तिथे धागा सापडला. विद्यार्थी सकाळी शवागारात काम करत आणि तिथून थेट बाळंतिणी तपासायला येत. साबणाने हात धूत, तरी हातांना शवांचा वास राही. सुईणींच्या शिक्षणात शवविच्छेदन नव्हतं.

इथे थांबा. घटना पुढे जाऊ द्यायची घाई नको.

त्या विद्यार्थ्यांपैकी एकाकडे पाहा. तो आळशी नाही. उलट तो वर्गातला सर्वांत कष्टाळू आहे. इतर झोपलेले असताना तो शवागारात उभा असतो, कारण त्याला खरोखर जाणून घ्यायचं आहे की या बायका कशाने मरतात. तिथून तो वॉर्डात येतो आणि एक खाट चुकवत नाही, कारण त्याला शिकायचं आहे. जितका तो मन लावून शिकतो तितक्या जास्त बायकांना तो हात लावतो. त्याच्या मनात कोणाबद्दल वाईट नाही. त्याच्या हातात मृत्यू आहे आणि त्याला तो दिसत नाही.

मला हा विद्यार्थी फार जवळचा वाटतो. आपण चुका म्हटलं की निष्काळजीपणा शोधतो, कोणीतरी वाईट माणूस शोधतो. इथे तसा माणूसच सापडत नाही. सद्‌हेतू आहे, मेहनत आहे, ज्ञानाची भूक आहे, आणि या तिन्हींमधून मरण चालत चालत दुसऱ्या खाटेपर्यंत पोचतं. सेमेलवाइसने पुढे 1861 च्या आपल्या पुस्तकात स्वतःबद्दलही हेच लिहिलं आहे. आपण इतरांपेक्षा जास्त शवं तपासली, आणि आपल्यामुळे किती बायका अकाली गेल्या ते देवालाच ठाऊक, असा त्याचा आशय आहे. हे कबूल करणं त्याला किती जड गेलं असेल, याचा विचार एक-दोन श्वासांपुरता तरी करा.

मे 1847 च्या मध्यावर त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये मृत्यूचं प्रमाण शेकडा 18 च्या वर होतं. जूनमध्ये ते शेकडा 2 च्या थोडं वर आलं, जुलैत त्याहून खाली.

पण ही कहाणी इथे थांबवली जाते, आणि तिचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग राहून जातो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गर्भाशयाच्या कर्करोगाची एक बाई पहिल्या खाटेवर होती. तिच्या जखमेतून स्राव वाहत होता. तपासणीची फेरी रोज त्याच खाटेपासून सुरू होई. विद्यार्थी वॉर्डात शिरताना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवून आलेले होते, नियम पाळलेला होता. तिला तपासल्यावर मात्र त्यांनी नुसत्या साबणाने हात धुतले आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. त्या वेळी तिथे बाळंत होणाऱ्या बारा बायकांपैकी अकरा जणी गेल्या.

दारातला हात स्वच्छ होता. दोन खाटांच्या मध्ये तो स्वच्छ राहिला नाही. सेमेलवाइसने त्यानंतर प्रत्येक रुग्णानंतर क्लोरीनने हात धुवायला लावलं.

त्या दोन खाटांच्या मधल्या जागेत आता उभे राहा. चार पावलांची जागा. मागे एक माणूस आहे, त्याचं तपासून झालं आहे. पुढे एक माणूस आहे, तो तुमच्याकडे पाहतो आहे. तुमच्या हातावर मागच्याचं काहीतरी आहे आणि ते दिसत नाही. पुढच्याला यातलं काही माहीत नाही, आणि तो विचारणारही नाही, कारण आपल्याकडे रुग्ण डॉक्टरला ‘हात धुतलेत का?’ असं विचारत नाही. त्याच्या वतीने हा प्रश्न विचारणारं त्या क्षणी एकच माणूस तिथे आहे. ते तुम्ही आहात. हा प्रश्न मनातल्या मनात, त्याच्या आवाजात, एकदा ऐका.

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 सालच्या आपल्या मार्गदर्शिकेत हातांच्या स्वच्छतेचे पाच क्षण सांगितले. रुग्णाला हात लावण्याआधी. सलाईन लावणं, ड्रेसिंग करणं अशा निर्जंतुक कामाआधी. रक्ताशी किंवा शरीरातल्या द्रवाशी संबंध आल्यानंतर. रुग्णाला हात लावून झाल्यानंतर. आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना, खाटेच्या कठड्याला, लॉकरला, सलाईनच्या स्टँडला हात लागल्यानंतर. दोन क्षण ‘आधी’चे, तीन ‘नंतर’चे. जगभरच्या पाहण्यांची त्याच मार्गदर्शिकेत काढलेली सरासरी सांगते की शंभरपैकी चाळीस वेळाही हे घडत नव्हतं. आणि जे घडतं त्यातही एक कल पुन्हा पुन्हा दिसतो: ‘नंतर’चा हात जास्त धुतला जातो, ‘आधी’चा कमी.

हा कल नीट समजून घ्यायला हवा. तिरस्कार न करता. नंतर हात धुताना मी मला वाचवतो. जखमेचा वास, थुंकीचा थेंब, रक्ताचा डाग, ही किळस मला नळाकडे नेते. तिला सांगावं लागत नाही. आधी हात धुताना मात्र मला काहीच वाटत नसतं. माझे हात मला स्वच्छच वाटतात, कारण ते माझे आहेत. तिथे किळस मदतीला येत नाही, भीतीही येत नाही. तिथे समोरच्या माणसाचा विचारच करावा लागतो.

महामारीने नेमकं इथे एक विचित्र काम केलं. हात धुण्याबद्दल इतकं बोललं गेलं, सॅनिटायझरच्या बाटल्या दारोदारी आल्या, आणि तरी सगळी सवय ‘नंतर’कडे झुकली. भीती इतकी मोठी होती की हात म्हणजे स्वतःला वाचवण्याचं साधन झालं. ग्लोव्हज दिवसभर घालून ठेवले की सुरक्षित वाटे. एकावर एक दोन जोड्या, वरून सॅनिटायझर. ज्याने घातलेत त्याचं रक्षण त्यातून काही प्रमाणात होतही असे. पण तेच ग्लोव्हज एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जात राहिले, तर त्यांत आणि व्हिएन्नाच्या त्या न धुतलेल्या हातांत खाटेवरच्या माणसाच्या दृष्टीने काय फरक राहिला? 2020 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या एका रुग्णालयाच्या कोविड विभागात कॅन्डिडा ऑरिस ही औषधांना सहजी न जुमानणारी बुरशी पसरली. तपासलेल्या 67 रुग्णांपैकी 35 जणांच्या अंगावर ती सापडली. चौकशीत जे दिसलं ते असं: कर्मचारी गाऊन आणि ग्लोव्हजचे दोन थर चढवत, बाहेरचा थर बदलत, आतला मात्र पाळी संपेपर्यंत तोच असे. हात धुण्याऐवजी ग्लोव्हजवरूनच सॅनिटायझर चोळला जाई. फिरती उपकरणं दर वापरानंतर पुसली जातीलच असं नव्हतं. ती माणसं कामचुकार नव्हती. ती घाबरलेली होती, थकलेली होती, आणि स्वतःला जपत होती.

स्वतःला जपणं चूक नाही, हे इथे ठामपणे म्हणायला हवं. आजारी पडलेला इंटर्न कोणाच्या उपयोगाचा नाही, आणि त्याच्याही घरी कोणी वाट पाहत असतं. म्हणून या क्षणी भीतीला हाकलू नका. तिला जवळ बसू द्या. फक्त तिला विचारा: तू मला कोणाकडे पाहायला लावते आहेस? उत्तर नेहमी एकच येईल. मग नजर हळूच पुढच्या खाटेकडे वळवा.

आपल्या मातीत या सगळ्याला आणखी एक थर आहे, आणि मराठी माणसाने तो टाळला तर हे मनन पुरं होणार नाही. आपल्याला धुण्याची, शिवण्या-न-शिवण्याची फार जुनी सवय आहे. सोवळं होतं. अंगणात पाय धुवून घरात येणं होतं. त्यातलं काही आरोग्याला हिताचंही असेल. पण सोवळ्याची दिशा पाहा. मी शुद्ध आहे आणि समोरच्याच्या स्पर्शाने मी बिघडेन, म्हणून त्याने दूर राहावं. धुणं तिथे अंतर राखण्यासाठी आहे. माणसांच्या एका फार मोठ्या समूहाला या अंतराने पिढ्यान्‌पिढ्या जाळलं आहे. महामारीत तीच जुनी नजर नव्या कपड्यांत परत आली. रुग्णाचं घर पत्रे लावून बंद झालं. वॉर्डात काम करून परतणाऱ्या डॉक्टर-नर्सना भाड्याची घरं सोडायला सांगितलं गेलं. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले झाले, इतके की 22 एप्रिल 2020 रोजी केंद्राला वटहुकूम काढून 1897 च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करावी लागली आणि अशा हल्ल्यांना कठोर शिक्षा ठेवावी लागली.

तो कायदा ज्या साथीतून जन्मला, त्या प्लेगच्या साथीत पुण्यात सावित्रीबाई फुले होत्या. त्यांचे पुत्र यशवंत डॉक्टर होते, शहराबाहेर माळावर त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी मूल सावित्रीबाईंनी पाठीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत नेलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. प्लेग पिसवांमार्फत माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं ते पुढच्या वर्षी, 1898 मध्ये. म्हणजे सावित्रीबाईंकडे ते ज्ञान असणं शक्यच नव्हतं. ज्याला शिवायचं नाही असं समाजाने ठरवलं होतं, त्याला शिवण्याची ताकद मात्र होती, आणि ती त्यांनी आयुष्यभर जोपासली होती.

त्या चित्रासमोर थोडा वेळ बसा. एक वृद्ध बाई, पाठीवर तापाने फणफणलेलं मूल, पायाखाली माळाची वाट. घाईने हात जोडू नका, नुसतं पाहा. आणि मग आजच्या विद्यार्थ्याच्या हातात काय आहे ते पाहा. त्याच्याकडे आता दोन्ही गोष्टी असू शकतात: सावित्रीबाईंचा स्पर्श, आणि त्यांना न मिळालेलं ज्ञान. वॉर्डातलं हात धुणं हे सोवळ्याच्या बरोबर उलट दिशेने जातं. आपण हात धुतो ते समोरच्याला शिवता यावं म्हणून. कोणालाही. कसलीही जात, कसलाही आजार असलेल्याला, नाडीवर बोटं ठेवून, पोट चाचपून, गरज पडली तर हात हातात घेऊन. ज्या विद्यार्थ्याने हे ओळखलं, त्याच्या धुतलेल्या हातात रुग्णाबद्दलचा दुरावा उरत नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता हात खरोखर धुवून पाहू. नळापाशी गेलात तर उत्तम, नाहीतर जागेवर बसूनच. साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद, अल्कोहोलच्या द्रावणाने 20 ते 30 सेकंद. तळव्यावर तळवा. एका तळव्याने दुसऱ्या हाताची पाठ, बोटांच्या बेचक्यांतून. मग बोटं एकमेकांत अडकवून. मग बोटांची मागची बाजू. मग अंगठा. इथे सावकाश करा, कारण अंगठा फार वेळा राहून जातो. पापणी वर करणारं, स्टेथोस्कोप धरणारं हाताचं हे टोक घाईत नुसतं ओलं होऊन सुटतं. मग बोटांची अग्रं, दुसऱ्या तळव्यावर गोल फिरवत. रुग्णाला सगळ्यांत आधी हीच टेकतात. स्टेथोस्कोपची तबकडीही विसरू नका. जिनिव्हातल्या संशोधकांना 2014 साली दिसलं की तपासणीनंतर बोटांची अग्रं सोडली तर हाताच्या इतर कुठल्याही भागापेक्षा तबकडीवरच जास्त जंतू असतात. तीच तबकडी आपण गळ्यात घालून कॅन्टीनला जातो.

किट उतरवण्याचं मननही करण्याजोगं आहे, आणि ते मला सगळ्यांत कठीण वाटतं. चढवताना माणूस ताजा असतो, सावध असतो. उतरवताना पाळी संपलेली असते, घसा कोरडा पडलेला असतो, लघवी तासन्‌तास अडवलेली असते, आणि बाहेर वारा आहे हे शरीराला कळलेलं असतं. धोका तिथेच आहे. बाहेरची बाजू आता दूषित आहे आणि तुम्ही तिच्या आत आहात. क्रम ठिकठिकाणी थोडा बदलतो, पण साधारणपणे जास्त मळलेलं ते आधी जातं. ग्लोव्हज, बाहेरची बाजू आत वळवत. मग हात. मग फेस शील्ड किंवा गॉगल, मागून धरून. मग गाऊन, आतून बाहेर गुंडाळत, स्वतःपासून लांब. मग पुन्हा हात. एन-95 सर्वांत शेवटी, खोलीच्या बाहेर आल्यावर, फक्त मागच्या पट्ट्यांना धरून. मग पुन्हा हात. जिथे हे नीट केलं जायचं तिथे एक जण समोर उभा राहून पायरी पायरी मोठ्याने सांगायचा, आणि किट उतरवणारा फक्त ऐकायचा. थकलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यातलं शहाणपण. प्रत्येक वस्तू उतरल्यावर अर्धा क्षण थांबायची सवय ज्यांना लागली, त्यांच्या हातून चूक कमी व्हायची. वेळ फारसा जास्त लागत नाही. मन मात्र तिथेच ठेवावं लागतं, आणि मन त्या वेळी आंघोळीच्या पाण्यापाशी पोचलेलं असतं.

हातांबद्दल इतकं बोलल्यावर हवेबद्दलही बोललं पाहिजे, कारण या महामारीत हवेकडे उशिरा लक्ष गेलं. सुरुवातीला पृष्ठभाग पुसण्यावर, भाजी धुण्यावर सगळा भर होता. श्वासातून निघालेले अतिसूक्ष्म कण बंद खोलीत तरंगत राहतात आणि कोविड तसाही पसरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये अधिक स्पष्टपणे मांडलं. तोवर अनेक ठिकाणी विद्यार्थी हात निष्ठेने धुवून ड्यूटी रूमची दारं-खिडक्या लावून, मास्क काढून एकत्र जेवत होते. हात धुण्याचं मोल यामुळे कमी होत नाही. पण कोणती सवय कोणत्या वाटेवर पहारा देते हे कळलं नाही तर माणूस एका दाराला दोन कुलपं लावतो आणि दुसरं उघडं टाकतो. क्षयाच्या वॉर्डात आजही हेच आहे. तिथे हात कितीही धुतले तरी मास्क चेहऱ्यावर नीट बसलेला नसेल आणि खिडकी बंद असेल, तर धोका तसाच राहतो. आपल्या जुन्या रुग्णालयांची उंच छतं आणि समोरासमोरच्या मोठ्या खिडक्या वारा खेळता ठेवतात. पुढच्या वेळी वॉर्डात शिरलात की आधी खिडक्यांकडे पाहा, पडदा हलतो आहे का ते पाहा.

आणि ‘पुढचा माणूस’ म्हणताना फक्त खाटेवरचा रुग्ण डोळ्यांसमोर आणू नका. पाळी संपताना टोचून झालेली सुई तुमच्या हातात आहे असं समजा. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जायला हवी. डबा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला आहे. पिवळी पिशवी जवळ आहे. रात्रीचे तीन वाजलेत, कोणी पाहत नाही. सकाळी ती पिशवी उचलायला मावशी येणार आहेत, किंवा मामा. पिशवी उचलताना ती पोटरीला घासते, प्रत्येक वेळी घासते, कारण ती जड असते. मावशींचं नाव तुम्हाला कदाचित माहीत नसेल. त्यांनी मात्र तुम्हाला अनेकदा ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारली असेल, तुम्ही अजून डॉक्टर झालेले नसताना. त्या पोटरीपाशी मन नेऊन ठेवा आणि मग वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा.

शेवटी एक अडचण राहते, आणि ती मननाने सुटत नाही. विद्यार्थी वॉर्डातल्या उतरंडीत सगळ्यांत खाली असतो. सर पुढे, त्यांच्यामागे रेसिडेंट, मग इंटर्न, आणि एप्रनचा घोळका शेवटी. सर हात न धुता पुढच्या खाटेकडे गेले तर घोळका त्यांच्यामागे जातो. शिकण्याची सगळी रीतच अशी आहे, वरच्याचं पाहून करायची. सॅनिटायझरची बाटली रिकामी असेल तर ती रिकामी आहे असं म्हणणारा मी कोण, असं वाटतं. म्हणून हे धैर्य आधीच, घरी बसून, राऊंडच्या गडबडीच्या बाहेर, मनात तयार करून ठेवावं लागतं.

उद्याची पोस्टिंग डोळ्यांसमोर आणा. थोडं लवकर गेला आहात. वॉर्डात किती नळ आहेत, त्यांतल्या कशाला पाणी येतं, साबण आहे का, ट्रॉलीवरची बाटली भरलेली आहे का, हे पाहून घेता. रिकामी असेल तर इन्चार्ज सिस्टरांकडे जाता आणि म्हणता, ‘सिस्टर, बाटली संपली आहे, कुठून भरून आणू?’ तक्रारीचा सूर नाही, कामाचा आहे, आणि सिस्टरांना तो लगेच कळतो. राऊंड सुरू होतो. पहिली खाट होते. घोळका दुसरीकडे सरकतो आणि तुम्ही बाटलीपाशी थांबता. वीस-तीस सेकंद. तळवा, पाठ, बेचक्या, अंगठा, अग्रं. तिकडे सरांनी केस मांडायला सांगितलेली असते, एक-दोन वाक्यं तुमची हुकतात. ती नंतर मित्राच्या वहीतून घ्या. द्रावण पुरतं वाळू द्या, आणि मगच दुसऱ्या खाटेशी या.